कार्बोरेटरचे दुखणे आणि वेंगुर्ल्याची हवा

कार्बोरेटरची मोटारसायकल इंधनापायी अडते तेव्हा दोष सापडतो कार्बोरेटरमध्ये, पण तो तिथे आलेला असतो बाहेरून. टाकीत उतरलेले पावसाचे पाणी, झाकणाचे बुजलेले भोक, टाकीच्या तळाचा गंज, महिनोन्‌महिने न हललेले पेट्रोल, लाल धुळीने भरलेला एअर फिल्टर ही खरी कारणे. म्हणून कार्बोरेटर उघडून जेट साफ करणे हे शोधातले शेवटचे काम असायला हवे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी सुरुवातच तिथून होते. उगम तसाच ठेवून नुसता जेट साफ केला, की चार दिवसांत गाडी पुन्हा त्याच दुखण्याने बंद पडते.

वेंगुर्ल्यात ही सगळी कारणे एकत्र भेटतात. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात धरलेला पाऊस सप्टेंबरपर्यंत सुटत नाही आणि त्या काळात हवा सतत दमट असते. उभादांड्यापासून शिरोड्यापर्यंत समुद्राची खारी हवा पत्र्याला गंज चढवते. रेडीच्या बाजूला खनिजाची आणि जांभ्याची लाल धूळ उडते. त्यात भर पडते ती गाडी वापरण्याच्या इथल्या वेळापत्रकाची. मुंबईचा चाकरमानी मे महिन्यात गावी येतो, घरची गाडी फिरवतो, पाऊस लागायच्या आत परततो आणि पुन्हा येतो तो गणेशचतुर्थीला. मधले तीन महिने गाडी पडवीत किंवा खळ्यात ताडपत्रीखाली उभी असते. कार्बोरेटरसाठी वर्षातला सगळ्यात वाईट काळ नेमका हाच.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ ही प्रदूषणमर्यादा लागू झाली आणि बहुतेक नव्या दुचाकींत कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली. त्याआधीच्या दुचाकी मात्र मोजके अपवाद सोडता कार्बोरेटरच्याच आहेत. हिरो होंडाची सीडी १०० आणि स्प्लेंडर, यामाहा आरएक्स १००, बजाजची पल्सर, जुनी बुलेट अशा एमएच-०७ पाटीच्या गाड्या अजून वाड्यावाड्यांतून धावतात. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. म्हणजे कार्बोरेटरची दुरुस्ती हा विषय आणखी बरीच वर्षे कामाचा राहणार आहे.

कार्बोरेटरचे काम एकच. इंजिन जेवढी हवा ओढते तेवढ्या हवेत योग्य प्रमाणात पेट्रोल मिसळून देणे. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो, म्हणजे त्याला जवळजवळ ११ किलो हवा हवी. आकारमानात ही हवा ९ हजार लिटरच्या आसपास भरते. पेट्रोल या प्रमाणापेक्षा जास्त झाले तर मिश्रण ‘रिच’ होते: धूर काळा येतो, प्लग काळा पडतो, एव्हरेज घटते. कमी झाले तर ‘लीन’: गाडी झटके देते, सायलेन्सरमध्ये फटफट आवाज येतो, इंजिन जास्त तापते. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरू करताना मिश्रण मुद्दाम रिच करावे लागते. चोक असतो तो यासाठी.

हे प्रमाण राखायला कार्बोरेटरकडे ना पंप असतो, ना विजेवर चालणारा एखादा भाग. हवा अरुंद गळ्यातून जाताना तिचा वेग वाढतो आणि दाब घटतो. इटालियन शास्त्रज्ञ जोव्हान्नी व्हेंच्युरी यांच्या नावाने हा गळा ओळखला जातो. गळ्याखाली पेट्रोलची छोटी कटोरी असते. कटोरीतल्या पेट्रोलवर बाहेरच्या हवेचा पूर्ण दाब आणि वर गळ्यात दाब कमी, एवढ्या फरकावर पेट्रोल जेटच्या बारीक भोकातून वर चढते आणि हवेत फवारले जाते. कटोरीतली पातळी फ्लोट सांभाळतो. पेट्रोल भरले की फ्लोट वर येऊन टोकदार पिन भोकात दाबतो आणि आवक थांबते, पेट्रोल खर्च झाले की फ्लोट उतरतो आणि पिन सुटते. ही पातळी दोन-तीन मिलिमीटरने चुकली तरी सगळ्या वेगांवर मिश्रण बिघडते.

गाडी सुरूच होत नसेल तर आधी ठरवायचे ते हे, की कमतरता पेट्रोलची आहे की ठिणगीची. चोक लावून आठ-दहा किका माराव्यात आणि प्लग काढून पाहावा. प्लग कोरडा ठाक असेल तर पेट्रोल सिलिंडरपर्यंत पोहोचतच नाही. प्लग ओला आणि पेट्रोलचा वास येणारा असेल तर पेट्रोल पोहोचते आहे. मग दोष ठिणगीचा, नाहीतर पेट्रोल गरजेपेक्षा जास्त येते आहे. ठिणगी पाहताना प्लग इंजिनाच्या धातूला टेकवावा, पण प्लगच्या उघड्या भोकापासून दूर, कारण त्या भोकातून बाहेर पडणारी वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. ओल्या प्लगच्या गाडीत पेट्रोल कॉक बंद, चोक बंद आणि मूठ पूर्ण उघडी ठेवून किका मारल्या की साठलेले पेट्रोल उडून जाते. पुसलेला किंवा नवा प्लग लावल्यावर अशी गाडी पुष्कळदा लगेच सुरू होते.

चालणाऱ्या गाडीच्या बाबतीत प्लगचा रंगही बोलका असतो. चहासारखा तपकिरी असेल तर ठीक, कोरडा काजळीसारखा काळा असेल तर मिश्रण रिच, पांढराफटक असेल तर लीन. काळा पण तेलकट प्लग कार्बोरेटरचा नव्हे, पिस्टन रिंग किंवा व्हॉल्वकडून येणाऱ्या ऑइलचा दोष दाखवतो. इथेच हे ओळखता आले तर कार्बोरेटर विनाकारण खोलला जात नाही.

प्लग कोरडा असेल तर पेट्रोलची वाट टाकीपासून धरावी. पहिला थांबा टाकीचे झाकण. झाकणात एक बारीक भोक असते. पेट्रोल खाली उतरते तेवढी हवा त्यातून आत यावी लागते. भोक बुजले की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल उतरायचे थांबते. याचे लक्षण ठरलेले: गाडी पाच-दहा किलोमीटर छान चालते, मग चोक लागल्यासारखी गुदमरून बंद पडते, थोडा वेळ उभी ठेवली की पुन्हा सुरू होते. बंद पडल्याबरोबर झाकण उघडावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि लगेच गाडी सुरू झाली तर निदान पक्के. कोकणात ही भोके गंजाने आणि चिखलाने बुजतात. उभ्या गाडीच्या बारीक नळ्यांत कुंभारमाशी मातीचे घरही करते.

झाकणाचा दुसरा दोष पावसाळ्यातला, आणि तो फारसा कोणाच्या लक्षात येत नाही. पुष्कळ गाड्यांच्या टाकीत झाकणाभोवती बशीसारखा खोलगट भाग असतो आणि त्यात साचलेले पाणी खाली सोडायला एक बारीक भोक व नळी असते. हे भोक धुळीने बंद झाले की पावसाचे पाणी झाकणाभोवती तळ्यासारखे साचते आणि जुन्या रबरी वॉशरमधून थेंबाथेंबाने टाकीत उतरते. उघड्यावर उभ्या गाडीत एका मुसळधार रात्रीत पेलाभर पाणी आत जाऊ शकते. गाडीला ‘पावसाची हवा बाधली’ असे म्हटले जाते तेव्हा पुष्कळदा प्रत्यक्षात घडलेले असते ते हे. झाकण काढून ती बशी पुसायला आणि नळीत बारीक तार घालून ती मोकळी करायला पाच मिनिटे लागतात.

पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने टाकीच्या तळाशी बसते. गंजाची भुकटीही तिथेच जमते. पेट्रोल कॉकला आत दोन तोंडे असतात. ‘ऑन’ची नळी उंच असते, ‘रिझर्व्ह’चे तोंड तळालगत. म्हणून ‘ऑन’वर बिनतक्रार धावणारी गाडी रिझर्व्हला लावल्यावर दोन-तीनशे मीटरमध्ये बंद पडत असेल तर तळाशी पाणी किंवा कचरा आहे, हे कार्बोरेटरला हात न लावता सांगता येते. यावर उपाय टाकी उतरवून पूर्ण रिकामी करण्याचा. कॉक काढून त्याची जाळी धुवावी. जाळी फाटली असेल तर ती बदलावी, कारण फाटकी जाळी नसल्यातच जमा.

आता आवक तपासायची. कार्बोरेटरकडची पेट्रोल नळी काढून पारदर्शक बाटलीत धरावी आणि कॉक उघडावा. धार सलग पडायला हवी. आधी चांगली पडून मग बारीक होत गेली तर दोष झाकणाचा, सुरुवातीपासूनच थेंबथेंब असेल तर कॉकचा किंवा मध्ये बसवलेल्या फिल्टरचा. काही गाड्यांत इंजिन चालू असतानाच उघडणारा कॉक असतो. त्यात धार न येणे हा दोष नव्हे. बाहेरून लावलेला फिल्टर उपयोगी आहे, पण पंपाशिवाय, नुसत्या उतारावर पेट्रोल येणाऱ्या गाडीत तो आडवा किंवा चढता बसवला तर हवेचा बुडबुडा अडकून नवीच अडचण उभी राहते. नळीचा उतार सलग खाली असावा.

हे काम उघड्यावर, इंजिन थंड असताना करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि दूरच्या जाळापर्यंत पोहोचते. मागीलदारी पाणी तापवण्याची चूल पेटलेली असेल त्या बाजूला कटोरी रिकामी करणे धोक्याचे.

आवक नीट असेल तर कटोरीतले पेट्रोल पाहायचे. कटोरीच्या तळाला स्क्रू असतो, तो सैल केला की पेट्रोल बारीक नळीतून बाहेर येते. ते स्वच्छ काचेच्या बाटलीत घेऊन दोन मिनिटे स्थिर ठेवावे आणि उजेडासमोर धरून पाहावे. एवढ्या लहानशा नमुन्यात सगळी हकीकत असते. तळाशी पाऱ्यासारखे घरंगळणारे थेंब दिसले तर पाणी. लाल-तपकिरी कण बुडाशी बसले आणि लोहचुंबक बाहेरून फिरवल्यावर हलले तर टाकीचा गंज. पांढरी, पिठासारखी भुकटी दिसली तर कार्बोरेटरचीच धातू पाण्याने खाल्ली गेली आहे, कारण हे भाग जस्ताच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूत ओतलेले असतात. पेट्रोल पिवळसर, चिकट आणि जुन्या रंगासारख्या वासाचे असेल तर ते शिळे झाले आहे.

पेट्रोल शिळे होते म्हणजे त्यातले चटकन उडणारे घटक आधी निघून जातात. गाडी थंड असताना सुरू करण्याचे काम नेमके हेच घटक करतात. उरलेल्या भागाची हवेतल्या ऑक्सिजनशी प्रक्रिया होऊन राळेसारखा चिकट थर बनतो. टाकीत लिटरांनी पेट्रोल असते, तिथे हे संथपणे घडते. कटोरीत ते मोजके मिलिलिटर आणि वर हवेला मोकळी वाट. तिथे काही आठवड्यांतच पेट्रोल उडते आणि राळ मागे राहते. सगळ्यात आधी बंद होतो तो मूठ सोडलेली असताना पेट्रोल देणारा पायलट जेट. शंभर सीसीच्या गाडीत त्याचे भोक ०.३५ ते ०.४ मिलिमीटरचे, म्हणजे डोक्याचे पाच-सहा केस शेजारी शेजारी ठेवावेत एवढे. तीन महिने उभी असलेली गाडी चोकवर चालते आणि चोक काढताच बंद पडते, त्याचे कारण बहुधा हेच असते.

पेट्रोलमधल्या इथेनॉलने या प्रश्नाला नवे वळण दिले आहे. देशात पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा जून २०२२ मध्ये गाठला गेला, २० टक्के मिश्रणाची विक्री फेब्रुवारी २०२३ पासून सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ती जवळपास सर्वत्र पोहोचली. इथेनॉलला पाण्याची ओढ असते. थोडे पाणी ते स्वतःत सामावून घेते, आणि तेवढ्यापुरते ते हिताचेच, कारण ते पाणी मिश्रणाबरोबर जळून जाते. पाणी मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर जाते आणि दोघांचा मिळून वेगळा थर तळाशी बसतो. हा थर जळत नाही, वर गंज चढवतो. दमट हवेतून एवढे पाणी शोषले जाते अशी भीती पुष्कळ ठिकाणी घातली जाते, पण झाकण धड असलेल्या टाकीत ते फार हळू घडते. वेंगुर्ल्यात थर फुटतो तो बहुतेक वेळा झाकणातून थेट शिरलेल्या पावसाच्या पाण्याने. नमुन्याच्या बाटलीत दोन थर स्पष्ट दिसले तर सगळे पेट्रोल काढून टाकण्यावाचून इलाज नाही. वरचा थर निवडून वापरणेही योग्य नव्हे, कारण इथेनॉल निघून गेल्यावर त्याचा ऑक्टेन घटलेला असतो.

बाटलीतून विकत घेतलेल्या पेट्रोलबद्दलही सावध असावे. गोव्यात पेट्रोलवरचा कर कमी असल्याने ते स्वस्त मिळते, आणि सीमेलगतच्या गावांत कॅनमधून आणून घरी ठेवण्याचा मोह होतो. न सुकवलेल्या कॅनमधले पाणी आणि प्लॅस्टिकच्या डब्यातली महिनोन्‌महिन्यांची साठवण, दोन्ही शेवटी जेटपर्यंत पोहोचतात. भेसळीचा संशय असेल तर ग्राहकाला पंपावर फिल्टर पेपरची चाचणी मागण्याचा हक्क आहे. नोझलचे तोंड पुसून कागदावर टाकलेला थेंब दोन मिनिटांत उडून जायला हवा. गडद, तेलकट डाग मागे उरला तर रॉकेलसारख्या जड तेलाची भेसळ असण्याचा संभव असतो.

उलट बाजूचा दोष ओव्हरफ्लोचा. कटोरीच्या नळीतून पेट्रोल खाली टपकत राहते, गाडी सुरू व्हायला कुरकुरते, एव्हरेज कोसळते. अर्थ एवढाच, की फ्लोटची पिन भोक नीट बंद करत नाही. कॉक चालू ठेवून कटोरीवर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर गळती थांबली तर पिनखाली कण अडकला होता. थांबली नाही तर पिनचे रबरी टोक तपासावे. त्यावर गोल खाच पडली असेल तर पिन बदलावी. जुन्या गाड्यांतले पितळी फ्लोट झाळणीच्या जागी फुटतात. असा फ्लोट कानाशी धरून हलवला की आत पेट्रोलचा आवाज येतो. इथेनॉलमुळे जुन्या रबरी वस्तू फुगतात हेही इथे लक्षात घ्यावे. १९९० च्या दशकातल्या गाडीची कटोरीची रिंग एकदा काढली की पुन्हा खाचेत बसत नाही, ती नवीच घालावी लागते.

ओव्हरफ्लोचा खरा धोका वाया जाणाऱ्या पेट्रोलपेक्षा मोठा आहे. ओव्हरफ्लोची नळी बुजलेली असेल तर रात्रभर उघड्या कॉकमधून येणारे पेट्रोल सिलिंडरमध्ये उतरते आणि तिथून इंजिन ऑइलमध्ये. ऑइल पातळ होते, त्याची पातळी वाढलेली दिसते आणि ऑइल मोजायच्या काडीला पेट्रोलचा वास येतो. अशा ऑइलवर इंजिन चालवले तर बेअरिंग आणि पिस्टन झिजतात. ओव्हरफ्लो झालेल्या प्रत्येक गाडीची ऑइलची काडी काढून वास घ्यावा, आणि वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय किक मारू नये.

गाडी सुरू होते पण नीट चालत नाही, अशा वेळी दोष मुठीच्या कोणत्या टप्प्यावर येतो ते पाहावे. मूठ बंद किंवा किंचित उघडी असताना पेट्रोल पायलट जेटमधून येते. पावपासून पाऊण मुठीपर्यंत सुईचा अंमल असतो. मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या स्लाइडला लटकलेली ही निमुळती सुई वर जाईल तशी पेट्रोलची वाट मोकळी करते. पाऊण मुठीच्या पुढे मेन जेट. स्लोला उभी राहत नाही पण वेगात छान जाते, अशी गाडी पायलट जेट मागते. गावात ठीक पण मठच्या चढावर पूर्ण मूठ दिल्यावर दम सोडते, तर मेन जेट किंवा आवक पाहावी. पल्सरसारख्या काही गाड्यांत स्लाइड केबलने न उचलता रबरी पडद्याने उचलली जाते. त्या पडद्याला टाचणीएवढे भोक पडले तरी मूठ देऊनही गाडी पिकअप घेत नाही. पडदा उजेडासमोर ताणून पाहिला की भोक दिसते.

मिश्रण लीन झाल्याची सगळी लक्षणे आहेत, जेट मात्र स्वच्छ आहेत, असे असेल तर हवा दुसरीकडून शिरते आहे. कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारा रबरी जोड उन्हाने आणि वयाने तडकतो. मूठ सोडल्यावर रेस लगेच खाली न येता लटकत राहणे ही याची खूण. इंजिन चालू ठेवून त्या जोडावर ब्रशने साबणाचे पाणी लावावे. रेस बदलली तर चीर तिथेच आहे. रबरावर पेट्रोल शिंपडून हीच परीक्षा करण्याची पद्धत गॅरेजांत दिसते. गरम सायलेन्सरजवळ ती टाळलेली बरी.

याच्या उलट, मिश्रण विनाकारण रिच असेल तर आधी एअर फिल्टर काढावा. रेडी-आरोंद्याच्या रस्त्यावर रोज धावणाऱ्या गाडीचा फिल्टर कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या अंतराच्या कितीतरी आधी लाल धुळीने भरतो, आणि पावसाळ्यात कागदी फिल्टर भिजून चिकटतो. स्पंजचा फिल्टर धुऊन, सुकवून, हलके तेल लावून पुन्हा वापरता येतो. कागदी फिल्टर धुता येत नाही.

एवढे सगळे तपासून झाल्यावरच कार्बोरेटर खाली उतरवावा. जेट पितळेचे, म्हणजे मऊ धातूचे असतात. त्यात तार किंवा सुई घातली की भोक मोठे होते आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. किनाऱ्यावर याला उत्तम पर्याय हाताशी आहे: मासे गरवण्याची बारीक तंगूस. पाव मिलिमीटर जाडीचा तिचा तुकडा पायलट जेटमधून आरपार जातो, राळ ढकलतो आणि पितळेला ओरखडा येऊ देत नाही. जेट आधी कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवून ठेवावा, मग तंगूस फिरवावी, मग हवा मारावी. शेवटी उजेडाकडे धरून पाहिले असता भोक पूर्ण गोल दिसले पाहिजे. कडेला चंद्रकोरीसारखी सावली असेल तर राळ अजून शिल्लक आहे. हवा मारण्याआधी फ्लोट, रबरी पडदा आणि रिंगा काढून ठेवाव्यात. पितळेची भांडी आमसुलाने उजळतात म्हणून जेट आंबट पाण्यात रात्रभर टाकून ठेवणे मात्र चूक. आम्ल पितळेतले जस्त काढून घेते आणि कार्बोरेटरच्या अंगालाही खाते. आम्लाचा उपयोग आहे तो गंजलेल्या लोखंडी टाकीसाठी. ती व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिडने धुऊन, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खंगाळून, पूर्ण वाळवून लगेच आतून ऑइल किंवा पेट्रोल फिरवावे लागते. ओली राहिली तर एका रात्रीत पुन्हा तांबडी होते.

जोडणी झाल्यावर ट्युनिंग. इंजिन पूर्ण गरम झाल्यावरच ते करावे. मिश्रणाचा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा नियंत्रित करतो, आत फिरवला की मिश्रण रिच. इंजिनाच्या बाजूला असेल तर तो पेट्रोल नियंत्रित करतो, बाहेर फिरवला की रिच. हा फरक न पाहता केलेले ट्युनिंग नेमके उलटे होते. स्क्रू हलकेच पूर्ण आत नेऊन दीड ते दोन फेरे बाहेर काढावा आणि तिथून पाव-पाव फेरा फिरवत स्लोची रेस सगळ्यात वर जाईल ती जागा पकडावी. जुन्या गाडीला २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर मिश्रण थोडे रिच लागते. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने अशा पेट्रोलला वजनाने १४.७ ऐवजी सुमारे १३.५ पट हवा पुरते, म्हणजे जुन्या मापाच्या जेटवर तेच मिश्रण लीन पडते. चोक जास्त वेळ लागत असेल, मूठ सोडताना सायलेन्सर फटफटत असेल, तर मिश्रणाचा स्क्रू थोडा हलवून आणि सुईची क्लिप एक खाच खाली बसवून बहुतेक गाड्या सुधारतात. क्लिप खाली गेली की सुई वर उचलली जाते. लिटरमागे उष्णताच कमी असल्याने एव्हरेज थोडे घटते. ते ट्युनिंगने भरून येत नाही.

गाडी तीन महिने उभी करायची असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे, मग तळाचा स्क्रू सैल करून कटोरीतले उरलेले पेट्रोलही काढावे. लोखंडी टाकी काठोकाठच्या थोडी खाली भरून ठेवावी. अर्ध्या रिकाम्या टाकीच्या उघड्या पत्र्यावर दव धरते आणि गंज तिथून सुरू होतो. जागा छपराखालची हवी. ताडपत्री घट्ट गुंडाळली तर आत वाफ कोंडते, ती खालून मोकळी सोडावी. सायलेन्सरचे आणि एअर फिल्टरचे तोंड कापडाने झाकावे आणि कापड दिसेल असे बाहेर लोंबते ठेवावे, म्हणजे सुरू करताना ते काढायचे राहत नाही. पुन्हा सुरू करायच्या दिवशी आधी ऑइलची काडी, मग टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल बाटलीत, मग कॉक उघडून कटोरी भरायला एक मिनिट, आणि नंतर किक.

काही कार्बोरेटर साफसफाईच्या पलीकडे गेलेले असतात. स्लाइड बाहेर काढून तिच्या अंगावर उभ्या चकचकीत रेघा दिसल्या, किंवा जागेवर बसवून बोटाने हलवल्यावर ती खडखडली, तर झिजलेल्या फटीतून हवा शिरते आणि स्लो कधीच स्थिर होत नाही. खाऱ्या हवेने जिथे जेटचे आटे खाल्ले आहेत तिथेही नवा कार्बोरेटर घेणेच योग्य. सुटा जेट बदलताना त्यावर कोरलेला आकडा जुन्याशी जुळवून घ्यावा. केहीनच्या जेटवर तो भोकाच्या व्यासाचा, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतो, तर मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवर ठराविक दाबाने वाहणाऱ्या पेट्रोलच्या मापाचा. त्यामुळे एका कंपनीचा ९० क्रमांकाचा जेट दुसरीच्या ९० ला चालत नाही.